जंजिऱ्याला जायचंय? आधी तिथी बघा

श्रीवर्धनला मुक्काम ठेवून मुरुडचा जंजिरा पाहायचा बेत असेल, तर कॅलेंडरवर नुसता शनिवार-रविवार शोधू नका. त्याच चौकोनात बारीक अक्षरांत तिथी छापलेली असते, ती आधी वाचा. डोंगरी किल्ल्याला ऋतू पाहिला की भागतं. पाण्यातल्या किल्ल्याला महिना, तिथी आणि घड्याळ अशी तिन्ही जुळवावी लागतात, आणि बहुतेक मंडळी नेमकी तिथीच विसरतात.

महिन्याचं गणित सोपं आहे. साधारण मेअखेरीपासून ऑगस्टअखेरीपर्यंत प्रवासी होड्या बंद असतात. याच किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ धडकलं आणि श्रीवर्धन-दिवेआगरच्या सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. तेव्हा या बंदीबद्दल कुणाशी हुज्जत घालू नये. सप्टेंबरात होड्या सुरू झाल्या तरी समुद्र पुरता निवलेला नसतो, किल्ल्यात गवत माजलेलं असतं आणि पायऱ्यांवर शेवाळ. ऑक्टोबरात उकाडा जीव काढतो. माझ्या मते नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ उत्तम. त्यातूनही दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नववर्षाचा आठवडा आणि जोडून आलेल्या सुट्ट्या वगळा. त्या दिवसांत होडीच्या रांगेतच सकाळ संपते. मंगळवार-बुधवारी रजा मिळत असेल तर खुशाल टाका.

घड्याळाचं म्हणाल, तर सकाळच. रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहत असतो आणि सकाळी पाणी बऱ्यापैकी शांत असतं. ऊन तापलं की दुपारकडे समुद्रावरून खारा वारा उठतो, पाण्यावर लाटा चढतात आणि होडी हलायला लागते. मार्च-एप्रिलमध्ये हा फरक फारच जाणवतो. शिवाय किल्ल्याचा महादरवाजा होड्या जिथून सुटतात त्या राजपुरी गावाच्या दिशेला, म्हणजे पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळचं ऊन थेट त्याच्यावर पडतं आणि हत्तींना पंजांत जखडून उभ्या असलेल्या वाघासारख्या प्राण्याचं शिल्प स्पष्ट दिसतं. दुपारनंतर दरवाजा सावलीत जातो.

आता तिथी. किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणपट केलं की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमाराला, सकाळी आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून मोबाइलवर भरती-ओहोटीचं वेळापत्रकही पाहून घ्या; पण महिनाभर आधी रजा ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे.

याचा किल्ल्याशी संबंध काय, ते होडी दरवाजाशी लागताना कळतं. महादरवाजासमोर ऐसपैस धक्का नाही. होडी पायऱ्यांना भिडते, होडीवाला दोर धरतो, आणि लाटेनं होडी वर उचलली की त्या क्षणी हात देऊन एकेकाला उतरवतात. पाणी चढलेलं असेल तर वरच्या कोरड्या पायरीवर पाय पडतो. ओहोटीला खालच्या बुळबुळीत पायऱ्या उघड्या पडतात. आजी-आजोबा किंवा लहान मुलं बरोबर असतील तर हा फरक फार मोठा आहे.   

म्हणून माझी शिफारस द्वादशी किंवा त्रयोदशीची. पक्ष कोणताही चालेल. भरती सकाळी नऊ ते पावणेदहाच्या आसपास येते, आणि उधाणाचा पुरता जोर अजून दोन-तीन दिवस लांब असतो. सकाळी लवकर श्रीवर्धनहून निघा, बोर्ली पंचतनमार्गे दिघी गाठा. तिथून जंगल जेट्टीच्या फेरीबोटीनं गाडीसकट खाडी ओलांडली की आगरदांडा, आणि पुढे जवळच राजपुरी. म्हसळ्यावरून खाडीला वळसा घालत बसू नका. दिघीहूनही थेट किल्ल्याला होड्या जातात, पण पुरेशी माणसं जमली तरच, तेव्हा आदल्या दिवशी चौकशी करा. शुक्रवारी जाणार असाल तर दुपारी किल्ला उघडा असतो का, हेही विचारून ठेवा.

होडीवाले किल्ल्यात साधारण पाऊण-एक तास देतात. बावीस एकरांच्या किल्ल्याला तो अपुराच आहे. थोडे जास्त पैसे देऊन जास्त वेळ आधीच ठरवून घ्या. कलाल बांगडी तोफेपाशी सगळेच फोटो काढतात, पण गोड्या पाण्याचे तलाव आणि मागचा दर्या दरवाजा सोडू नका. तटावरून पद्मदुर्ग दिसतो. जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दीला पायबंद घालायला शिवाजी महाराजांनी तो बांधला, आणि १६८२ मध्ये संभाजी महाराजांनी तर किनाऱ्यापासून समुद्रात भराव टाकून किल्ल्याला भिडायचा प्रयत्न केला. हे पाणी मध्ये असताना तो केवढा विचार होता, हे तटावर उभं राहिल्यावर पटतं. श्रीवर्धनकरांना हा इतिहास परका नाही. पुढे पेशवे झालेले बाळाजी विश्वनाथ भट मूळचे इथले देशमुख, सिद्दीच्या जाचामुळे त्यांना गाव सोडावं लागलं. आणि सिद्दीचं संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत श्रीवर्धन जंजिऱ्याच्याच अमलाखाली होतं.

दुपारी परत येऊन जेवलात की त्याच तिथीचा दुसरा फायदा पदरात पडतो. त्या दिवशीची ओहोटी तीन-चारच्या सुमाराला असते, आणि श्रीवर्धनजवळच्या हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते. देवळामागून पायऱ्या उतरून खडकांवरून जाणारी ही वाट भरतीला पाण्याखाली जाते. लाटेनं ओढून नेल्याच्या दुर्घटना इथे घडलेल्या आहेत. ओहोटीच्या तासभर आधी उतरा, पाणी वळलं की बाहेर पडा, आणि गावकऱ्यांनी किंवा रखवालदारानं नको म्हटलं तर देवाला वरूनच नमस्कार करा.

द्वादशी-त्रयोदशीची रजा जमलीच नाही, तर पौर्णिमा-अमावास्याही चालेल. सकाळी दहाच्या सुमाराला पाणी चढतं असतं, फक्त ओढ जास्त असते, म्हणून लाइफ जॅकेट अंगातून काढू नका. पंचमी-षष्ठीला मात्र ओहोटी सकाळी दहा-साडेदहाच्या आसपास येते. तेव्हा म्हाताऱ्या माणसांना न्यायचं असेल तर तो दिवस टाळून पुढचा आठवडा धरा.