छतावरची सौरवीज : आधी एक प्रश्न



छतावर सौर पॅनेल बसवले की लाईट गेली तरी घरात दिवा राहील, असे पुष्कळांना वाटते. म्हणून पाड्यावरच्या एखाद्या कुटुंबाला पॅनेल घेऊन देण्याची इच्छा कोणी बोलून दाखवली, की मी आधी विचारतो : त्या घराला बिल कमी करायचे आहे, की रात्री उजेड हवा आहे?

शहरातल्या घरांवर दिसणारी यंत्रणा बहुधा मीटरला जोडलेली असते. दिवसा जास्तीची वीज तारेत जाते आणि बिलातून वजा होते. पण तारेतली लाईट गेली की तिचा इन्व्हर्टर भर उन्हातही आपोआप बंद पडतो. तसे व्हावेच लागते. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्याच छतावरच्या विजेचा धक्का बसेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेचे अनुदान अशाच जोडणीसाठी आहे : २ किलोवॉटला ६० हजार रुपये, ३ किलोवॉट व त्यापुढे ७८ हजार. बिल मोठे येत असेल तर अवश्य घ्यावे.

पाड्यावर मात्र बिल मुळातच थोडे. तिथे बॅटरी हवी, आणि हिशेब कागदावर मांडायला हवा. ९ वॉटचे चार बल्ब पाच तास चालले तर १८० वॉट-तास, ५० वॉटचा पंखा आठ तास, म्हणजे ४००, मोबाईलसाठी २०. एकूण ६००. स्वच्छ उन्हात २५० वॉटचे पॅनेल दिवसाला साधारण १,००० देते, तेव्हा ते पुरते. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची साधी बॅटरी १,८०० साठवते, पण निम्म्याच्या खाली उतरवली तर लवकर मरते. म्हणून हाती ९०० धरावेत. आषाढात ढग ठाण मांडून बसले की पंखा बंद, बल्बच चालवायचे, हे घरच्यांना आधीच सांगावे.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून, थोडे उतरते. आंब्याची एक फांदी आडवी आली तरी वीज बरीच घटते. जुन्या कौलारू छताचे वासे भार घेणार नसतील तर अंगणात लोखंडी स्टँड बरा. साध्या बॅटरीत अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. ते कुठून आणायचे, कोणी घालायचे, हे बसवायच्या दिवशीच घरातल्या बाईशी बोलून ठेवावे. विहिरीचे पाणी चालत नाही.