तंबोरा आधी की पेटी?

तुमच्यापैकी कित्येकजण शाळा सुटल्यावर पेटी, तबला, सतार नाहीतर गाणे शिकायला जात असतील. नाशिकसारख्या गावात जुन्या वाड्यातल्या माडीपासून नव्या वसाहतीतल्या सदनिकेपर्यंत अशा खासगी शिकवण्या चालतात. पण प्रत्येक ठिकाणची रीत निराळी. एक गुरुजी पहिल्याच दिवशी पेटीपुढे बसवून सा-रे-ग-म वाजवून घेतात. दुसऱ्या बाई तंबोऱ्यावर नुसता ‘सा’ लावायला सांगतात, आणि तोही आठवडेच्या आठवडे. तबल्याचे गुरुजी तर तबल्याला हातच लावू देत नाहीत. आधी बोल तोंडाने म्हणा, मग हाताचे पाहू, असे म्हणतात. पालक बुचकळ्यात पडतात. फी तर तिन्हीकडे सारखीच द्यावी लागते! मग यांतले बरोबर कोण? हा प्रश्न केवळ आवडीनिवडीचा नाही. त्याचे बरेचसे उत्तर भौतिकशास्त्रात सापडते.

आधी थोडा इतिहास पाहू. एकेकाळी शिष्य गुरूच्या घरी राहत असे आणि कानावर पडेल तेवढे उचलीत असे. ही पद्धत बदलण्याचे मोठे श्रेय पंडित विष्णु दिगंबर पलुसकर यांच्याकडे जाते. त्यांचा जन्म १८७२ साली कुरुंदवाडला झाला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकून त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. तेथे वर्ग, पाठ्यपुस्तके, स्वरलिपी आणि परीक्षा अशी शाळेसारखी व्यवस्था होती. आयुष्याच्या उत्तरार्धात ते नाशिकला आले आणि तेथे त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापन केला. त्यांचे पुत्र, विख्यात गायक द. वि. पलुसकर यांचा जन्म १९२१ सालचा, नाशिकचाच. विष्णु दिगंबर १९३१ साली वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभे केले. तुम्ही देत असलेल्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद या परीक्षा याच मंडळाच्या.

स्वरलिपीमुळे एकाच वेळी वीस मुलांना शिकवणे शक्य झाले. मात्र वहीत ‘ग’ लिहिला, तरी तो नेमका किती उंचीचा हे अक्षर सांगत नाही. ते कानालाच ठरवावे लागते. आणि येथूनच तंबोरा आणि पेटी यांचे भांडण सुरू होते.

तंबोऱ्याला चार तारा असतात. पहिली बहुधा पंचमात, मधल्या दोन जोडाच्या, म्हणजे षड्जात, आणि शेवटची खर्जाची. समजा, जोडाची एक तार सेकंदाला २४० आंदोलने करते आहे आणि दुसरी २३८. दोन्ही एकदम छेडल्या की आवाज एकसारखा येत नाही. तो मोठा-लहान, मोठा-लहान होत राहतो. कारण दोन्हींची आंदोलने क्षणभर एकमेकांना साहाय्य करतात आणि क्षणभर विरोध. या चढउताराला विस्पंद म्हणतात. दर सेकंदाला किती विस्पंद पडतील? दोन वारंवारतांमधील फरकाइतके; येथे २४० वजा २३८, म्हणजे दोन. घोडीजवळचा मणी किंचित सरकवला की हे हेलकावे मंद होतात आणि तारा जुळल्या की थांबतात. ‘तार अजून हलतेय’ असे बाई म्हणतात तेव्हा त्या न सांगता विस्पंदच मोजत असतात. आपला गळा आणि तंबोरा यांच्यातही असेच घडते.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ‘तुझ्या गळ्यात सूरच नाही’ असे सांगून पुष्कळ मुलांना घरी पाठवले जाते. परंतु त्यांतल्या कितीजणांना नेमके काय ऐकायचे हे कोणी दाखवलेले असते? विस्पंद ओळखणे ही सरावाने जमणारी गोष्ट आहे. ती न शिकवताच निकाल देऊन टाकणे मला अन्यायाचे वाटते.

आता खर्जाची तार छेडा. तिची वारंवारता १२० धरू. ताणलेली तार एकाच वारंवारतेने कंप पावत नाही. १२० बरोबरच २४०, ३६०, ४८०, ६०० असे तिच्या पटीतले स्वरही तीतून निघतात. यांना संनादी म्हणतात. त्यांतला पाचवा, ६०० चा, म्हणजे तार सप्तकातला गंधार. कोणतीही तार गंधारात लावलेली नसताना जुळलेल्या तंबोऱ्यातून गंधार ऐकू येतो तो हा! घोडीच्या रुंद पाठीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी काढतात, त्यामुळे हे संनादी विशेष ठळक होतात. सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी याचा अभ्यास करून १९२१ साली निबंध प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूपाशी छेडली असता एखादा संनादी मुळीच उमटू नये असा नियम सांगतो, तेथे छेडूनही तंबोऱ्यात तो ऐकू येतो, असे त्यांना आढळले. घोडीच्या रुंद पाठीवर तार कंपनाच्या वेळी सारखी टेकते आणि सुटते, त्याचा हा परिणाम.

पेटीचा गंधार मात्र वेगळा असतो. पेटीत भात्याच्या हवेने पितळी पट्ट्या कंप पावतात आणि एका सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. प्रत्येक पुढचा स्वर मागच्याच्या १.०५९५ पट. बारा वेळा गुणले की बरोबर दुप्पट होते. ‘सा’ २४० असेल तर चार पायऱ्यांवरचा गंधार ३०२.४ येतो. तंबोऱ्याच्या हिशोबाने तो २४० च्या सव्वापट, म्हणजे ३०० हवा. पंचमात फरक नगण्य: ३६० ऐवजी ३५९.६. पण गंधारातला फरक कानाला कळतो. पेटीच्या या गंधाराचा दुसरा संनादी ६०४.८ आणि खर्जाचा पाचवा ६००. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला सुमारे पाच हेलकावे पडतात.

मग पेटी बनवणाऱ्यांनी अशी चूक का केली? ती चूक नव्हे, तडजोड आहे. भाग सारखे असल्यामुळे कोणतीही पट्टी ‘सा’ धरता येते. पांढरी एकने सुरू करा नाहीतर काळी चारने, सर्व स्वरांतली अंतरे तीच राहतात. शिवाय पेटी रोज जुळवावी लागत नाही. ही तडजोड नको म्हणून सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश क्लेमेंट्स यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बावीस श्रुतींची पेटी करून घेतली होती. पण ती रूढ झाली नाही. पेटीवरचा राग इतका, की १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिच्यावर बंदीच घातली. ती १९७१ साली शिथिल झाली.

माझे मत विचाराल तर गाणे, सतार, व्हायोलिन, बासरी यांच्यासाठी कान आधी तंबोऱ्यावर तयार व्हावा. या वाद्यांत स्वर तुम्हीच घडवता. पेटीबरोबरच शिकलेला विद्यार्थी पट्टीच्या मागे मागे जातो आणि पट्टी थांबली की चाचपडतो. ज्याला पेटीच वाजवायची आहे त्याने खुशाल पेटीवर बसावे, फक्त आपला गंधार कुठे आहे हे जाणून घ्यावे. सकाळी पेटी आणि संध्याकाळी तंबोरा असे करणारे गुरुजीही असतात. त्यांना दोन्हींतला फरक दाखवता आला, तर याहून चांगले काय?

तबल्याची गोष्ट आणखी मजेची. साध्या गोल पडद्याच्या कंपनांचे प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असे वेडेवाकडे असते, म्हणून साध्या ढोलातून निश्चित स्वर निघत नाही. तबल्याच्या पुडीवर मध्यभागी शाईचे थर दिलेले असतात. त्या वजनामुळे कंपने जवळजवळ १, २, ३, ४, ५ अशा प्रमाणात येतात आणि तबला स्वरात बोलतो. हेही रामन यांनीच शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. ‘ना’ वाजवताना अनामिका पुडीवर हलकेच टेकलेली असते. तिच्यामुळे मूळ कंपन दबते आणि वरचे उठून येते. बोट उचलून वाजवले तर बोल पालटतो. म्हणजे प्रत्येक बोल हे एका विशिष्ट कंपनाचे नाव आहे! ‘ना’ उजव्या हाताचा, ‘गे’ डाव्याचा, ‘धा’ दोन्हींचा मिळून. पढंत करताना विद्यार्थी कोणता हात, कोणती जागा आणि किती वेळ, हे तिन्ही एकदम पाठ करतो. तोंडाने अडखळणारा हातानेही तेथेच अडखळतो, हे गुरुजींना पक्के ठाऊक असते.

पावसाळ्यात पुडी ओल धरून सैल पडते आणि तबला उतरतो. मग हातोडीने गठ्ठे ठोकून तो चढवावा लागतो. नाशिकच्या थंडीत तंबोऱ्याची धातूची तार आकुंचन पावते, तिचा ताण वाढतो आणि ती चढते. म्हणूनच शिकवणीची पहिली दहा मिनिटे जुळवण्यात जातात. तो वेळ वाया गेला असे समजू नका.

करून पाहा. जोडाच्या दोन तारा जुळवून घ्या आणि एकीचा मणी किंचित सरकवा. घड्याळ लावून दहा सेकंदांत पडणारे हेलकावे मोजा. पंधरा आले तर दोन तारांत दीड आंदोलनाचा फरक. तंबोरा नसेल तर खर्ज-नर सुरांची पेटी घ्या, एकच पट्टी दाबून धरा आणि कान द्या. जुन्या पेटीत हे दोन सूर क्वचितच तंतोतंत जुळलेले असतात. वेगवेगळ्या पट्ट्यांचे आकडे वहीत मांडा आणि कोणती पट्टी सर्वांत जास्त ‘हलते’ ते तुमच्या गुरुजींना दाखवा.