गौरीअम्मा आणि कुळांचा कायदा

केरळची भूमी जलसमृद्ध आहे. परंतु ती कसणारा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या दरिद्रीच राहिला. जमीन जमीनदाराची आणि श्रम कुळाचे, अशी तेथील रीत होती. खंड थकला की कुळाच्या हातून शेत जाई. पुष्कळ मजुरांची झोपडीसुद्धा परक्याच्या जमिनीवर असे. मालकाची मर्जी फिरली की चूल उचलावी लागे. ही स्थिती पालटण्यासाठी झटलेल्या के. आर. गौरीअम्मा १९५२ पासून २००६ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, विधिमंडळाच्या सभासद होत्या.

त्यांचा जन्म चेर्तळानजीकच्या पट्टणक्काड गावी १४ जुलै १९१९ रोजी, त्या काळी हीन लेखल्या गेलेल्या एळवा जातीत झाला. कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली आरंभिली; पुढे कम्युनिस्ट पक्षात जाऊन त्यांनी तुरुंगवासही भोगला.

५ एप्रिल १९५७ रोजी केरळचे पहिले निर्वाचित मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले. महसूलखाते गौरीअम्मांकडे आले. अवघ्या सहा दिवसांत कुळांना जमिनीवरून काढण्यास मनाई करणारा वटहुकूम निघाला. (याच महिन्याच्या १ तारखेस आपल्या मुंबई राज्यात 'कृषक दिन' पाळून कुळांना मालकीहक्क देण्यास आरंभ झाला होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी घ्यावे.) आधी वटहुकूम, मग विधेयक, हा क्रम मोठा शहाणपणाचा होता, कारण कायदा होणार अशी कुणकुण लागताच जमीनदारांनी कुळांना हुसकून लावले असते, आणि मग कायदा होऊनही त्याचा लाभ घेण्यास कूळच उरले नसते.

जमीनसुधारणेचे विधेयक जून १९५९ मध्ये संमत झाले. परंतु ३१ जुलै रोजी केंद्र सरकारने मंत्रिमंडळच बडतर्फ केले. पुढे फेरफार होऊन कायदा झाला, तर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही भागांतील जमिनींपुरता तो अवैध ठरविला. १९६७ मध्ये गौरीअम्मा पुन्हा महसूलमंत्री झाल्या. त्यांनी १९६३ च्या कायद्याची नव्याने बांधणी केली. ती दुरुस्ती ऑक्टोबर १९६९ मध्ये संमत झाली, आणि त्याच महिन्यात त्या मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला! मात्र या खेपेस कायदा टिकला. १ जानेवारी १९७० पासून कुळांच्या जमिनींवरील जमीनदारांचे हक्क संपुष्टात आले. खेड्यातील झोपडीवाल्यास झोपडीभोवतीची दहा सेंट, म्हणजे आपल्या हिशेबाने चार गुंठे, जमीन अल्प मोबदल्यात विकत घेण्याचा हक्क लाभला. अंमलबजावणी दुसऱ्या मंत्रिमंडळाने केली. पण घडणीचे श्रेय गौरीअम्मांकडे जाते.

या कार्याची झळ त्यांच्या संसारालाही लागली. त्यांचे पती टी. व्ही. थॉमस हेही १९५७ च्या मंत्रिमंडळात होते. १९६४ मध्ये पक्ष दुभंगला तेव्हा पती एका पक्षात व पत्नी दुसऱ्या पक्षात अशी ताटातूट झाली. १९९४ मध्ये गौरीअम्मांच्या पक्षाने त्यांनाच काढून टाकले. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर दुसरे कोणी घरी बसले असते. यांनी नवा पक्ष स्थापिला व निवडणूकही जिंकली.

१९९६ मध्ये आदिवासींच्या बळकावलेल्या जमिनी परत देण्याचा जुना कायदा सैल करणारे विधेयक केरळच्या विधानसभेपुढे आले. सरकार पक्ष व विरोधी पक्ष दोघेही त्यास अनुकूल होते. १४० सभासदांच्या त्या सभागृहात एकट्या गौरीअम्मांनी विरोध नोंदविला. विधेयक संमत झाले. पण राष्ट्रपतींनी त्यास अनुमती दिली नाही.

११ मे २०२१ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.