छापील सूचिपत्राची खतावणी

व्यापारात सूचिपत्राला फार जुने स्थान आहे. दुकान गिऱ्हाइकाच्या घरी जाऊ शकत नाही. सूचिपत्र जाऊ शकते. अमेरिकेत आरन माँटगोमेरी वॉर्ड यांनी १८७२ साली एका कागदावर मालाची नावे व भाव छापून टपालाने विक्री सुरू केली. पुढे सीअर्स, रोबक कंपनीचे जाडजूड सूचिपत्र तेथील खेड्यापाड्यांतून घरोघरी गेले. सीअर्सने हे मोठे सूचिपत्र १९९३ साली बंद केले. योगायोग असा की, त्याच वर्षी ३० एप्रिल रोजी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधन संस्थेने वेबचे तंत्र सर्वांसाठी विनामूल्य खुले केले.

आपल्याकडे छापील सूचिपत्रे अजूनही निघतात. त्यांतील मजकूर वेबवर न्यायचा झाला, की लहान दुकानदार बहुधा एकच मार्ग धरतो : छापखान्याकडून पीडीएफ घ्यायची व ती जशीच्या तशी चढवायची. एवढ्याने काम का भागत नाही, आणि ते पुरे करायचे तर कोणत्या पायऱ्यांनी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सोयीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. बेळगावातील एका साडीविक्रेत्याचे ४० पानांचे सूचिपत्र आहे. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर कन्नड. साड्यांचे प्रकार २००, त्यांतील बहुतेक इरकल. भावाच्या अटी शेवटच्या पानावर आहेत.

१. रोजकीर्द व खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला हा विषय समजायला एक सोपी वाट आहे. रोजकीर्दीत नोंदी घडतील त्या क्रमाने येतात. खतावणीत प्रत्येक खात्याला स्वतंत्र पान असते व त्या पानावर त्या खात्याची सगळी हकीकत मिळते. छापील सूचिपत्र रोजकीर्दीसारखे आहे. ते पहिल्या पानापासून वाचले जाईल, असे गृहीत धरून त्याची मांडणी झालेली असते. म्हणून त्यात 'वरीलप्रमाणेच, पण काठ गोमी', 'समोरच्या चित्रातील रंग', 'अटींसाठी शेवटचे पान पाहावे' असे उल्लेख चालतात.

वेबवरचा वाचक मुखपृष्ठावरून येतोच असे नाही. त्याने 'परसपेठी काठाची इरकल' असे शोधले, तर तो थेट त्याच साडीच्या पानावर उतरतो. त्याला 'वरील' काही दिसत नाही आणि 'शेवटचे पान' ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक मालाचे पान स्वतःपुरते पूर्ण असावे लागते. सूचिपत्र वेबवर नेणे म्हणजे नक्कल करणे नव्हे. ती खतावणी आहे.

यासाठी प्रथम एक तक्ता करावा. एका ओळीत एकच माल आणि रकाने ठरलेले : माल क्रमांक, मराठी नाव, कन्नड नाव, सूत, काठ, पदर, रंग, लांबी, भाव, भावाची तारीख, चित्राचे नाव. तक्ता भरताना सूचिपत्रातील उणिवा आपोआप उघड होतात. एका साडीची लांबीच दिलेली नाही, दुसरीचा क्रमांक दोनदा आला आहे, हे छापील पानावर झाकून जाते. तक्त्यात रिकामी जागा डोळ्यांना टोचते.

२. स्थिर पान

वेबपाने स्थूलमानाने दोन प्रकारची असतात. चल पान वाचकाने मागणी करताच माहितीसाठ्यातून त्या क्षणी तयार होते. स्थिर पान आधीच लिहून ठेवलेले असते. जो मागेल त्याला तेच दिले जाते. २०० प्रकारचा माल आणि वर्षातून दोन-तीनदा बदलणारे भाव, एवढ्या व्यवहाराला स्थिर पाने पुरेशी आहेत. त्यांना माहितीसाठा चालवण्याचा खर्च नाही, बिघाडाच्या जागा थोड्या, आणि पान हलके ठेवले तर साध्या मोबाइलवरही ते लवकर उघडते.

ही पाने एकेक करून हाताने लिहिण्याची गरज नाही. एक नमुना पान तयार करावे व तक्त्यातील प्रत्येक ओळ त्या नमुन्यात भरून लहानशा प्रोग्रामने २०० पाने काढावीत. भाव बदलला तर तक्त्यात बदलावा व पाने पुन्हा काढावीत. पानाचा पत्ता माल क्रमांकावरून ठरवावा आणि एकदा ठरला की बदलू नये. कोणी तो पत्ता एखाद्या नातेवाइकाला पाठवलेला असतो. पत्ता बदलला, तर ते गिऱ्हाईक बंद दारापाशी येते.

३. अक्षरांचा प्रश्न

आपल्या भागातील सूचिपत्रांच्या बाबतीत खरी अडचण येथे येते. छपाईसाठी पुष्कळ ठिकाणी जुन्या पद्धतीचे फाँट वापरले जातात. त्यांत मराठी किंवा कन्नड अक्षराला स्वतःचा क्रमांक नसतो. इंग्रजी अक्षराच्या क्रमांकावर आपल्या अक्षराचे चित्र बसवलेले असते. कागदावर छपाई सुंदर येते. पण तोच मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला, की निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग उरते. शोधणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने तो मजकूर मराठीही नाही आणि कन्नडही नाही.

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात देवनागरी व कन्नड या दोन्ही लिप्यांना स्वतंत्र क्रमांक मिळाले. जुन्या फाँटातील मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक उपलब्ध आहेत, मात्र त्यांच्यावर डोळे मिटून विसंबू नये. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दिसते, म्हणून जुन्या फाँटात ती आधीच साठवलेली असते. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर येते. रफाराचे याच्या उलट आहे : तो दिसतो नंतर, पण साठवायचा आधी. कन्नडातील अर्कावत्तूचीही हीच गोष्ट. तेव्हा परिवर्तनानंतर 'चित्र', 'वर्ष', 'कोऱ्या साड्या' असे शब्द मुद्दाम तपासावेत. 'कोऱ्या'तील अर्धा र अनेकदा बिघडलेला आढळतो.

त्यानंतर नावांचा विचार करावा. मराठी गिऱ्हाईक 'इरकल' म्हणते, कन्नड गिऱ्हाईक 'इळकल' म्हणते. साडी एकच, बागलकोट जिल्ह्यातील त्या गावाच्या नावाची. दोन्ही नावे आपापल्या लिपीत पानावर हवीत. शिवाय कोणता मजकूर मराठी व कोणता कन्नड, हे पानाच्या अंतर्गत खुणेत नोंदवावे. त्या खुणेवरून अंधांसाठी पान वाचून दाखवणारे यंत्र योग्य भाषेचा आवाज निवडू शकते, आणि फाँटात सोय असेल तर ल व श यांची मराठी वळणे उमटतात.

४. चित्रे व मापे

छपाईचे चित्र चार शाईंच्या हिशेबाने तयार केलेले असते; पडदा लाल, हिरवा व निळा या तीन प्रकाशांनी रंग दाखवतो. छपाईचे चित्र तसेच चढवले, तर रंग भलताच दिसण्याचा संभव असतो. म्हणून ते पडद्याच्या रंगपद्धतीत बदलून घ्यावे. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरतात. त्या हिशेबाने ३ इंच रुंदीच्या चित्रात ९०० ठिपके होतात व मोबाइलच्या पानाला ते पुरतात. एवढे करूनही प्रत्येक पडदा थोडा वेगळाच असतो. यावर उपाय शब्दांचा : 'डाळिंबी अंग, काळा काठ, लाल टोपपदर' असे वर्णन चित्राला जोडावे. चित्र न उघडल्यास किंवा वाचक अंध असल्यास तेच वर्णन उपयोगी पडते.

मापाच्या बाबतीत कायद्याचेही बंधन आहे. वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ याच्या ११व्या कलमान्वये भावपत्रकात व जाहिरातीत प्रमाणित मापेच वापरावी लागतात. 'नऊवारी' हे साडीचे नाव म्हणून राहील. लांबी मात्र मीटरमध्ये द्यावी. एक वार म्हणजे ०.९१४४ मीटर, म्हणून ९ वार म्हणजे सुमारे ८.२३ मीटर. अर्थात गुणाकारावर न थांबता प्रत्यक्ष साडी मोजून आकडा लिहावा, हे उत्तम.

५. भाव आणि पत

भावपत्रक हा कायद्याच्या दृष्टीने प्रस्ताव नसून प्रस्तावासाठी दिलेले आमंत्रण असते, हे आपण करार कायद्यात शिकतो. ग्रेंजर विरुद्ध गफ या १८९६ सालच्या इंग्लंडमधील खटल्यात मद्यविक्रेत्याच्या भावपत्रकाचाच प्रश्न होता. ते प्रस्ताव मानले, तर साठा संपल्यावरही येईल त्या मागणीला माल पुरवण्याची जबाबदारी विक्रेत्यावर पडेल, हे तेथील विवेचनाचे सूत्र होय.

तथापि कायद्याने हात मोकळे ठेवले, तरी पत जपावीच लागते. छापील सूचिपत्र जुने झाले की त्याचा कागदच ते सांगतो. कडा पिवळ्या पडतात, मुखपृष्ठावर साल असते. स्थिर पान कधीच पिवळे पडत नाही. तीन वर्षांपूर्वीचा भाव ते आजच्याच तजेल्याने दाखवते. सोलापूरहून भाव पाहून आलेल्या गिऱ्हाइकाला दुकानात वेगळा आकडा ऐकावा लागला, तर ते कायद्याचे पुस्तक उघडत नाही; परत फिरते. म्हणून भावाशेजारी 'या तारखेपासून लागू' ही ओळ प्रत्येक पानावर हवी, आणि अटीही थोडक्यात तेथेच हव्यात.

शेवटी एक मुद्दा आपल्या महाविद्यालयापुरता. सूचिपत्रातील इंग्रजी मजकूर विनासायास वेबवर जातो. मराठी व कन्नड मजकुराला वर सांगितलेले कष्ट पडतात. कष्ट टाळायचे म्हणून दुकानदार फक्त इंग्रजी पाने चढवतो, आणि ज्या दोन भाषांत त्याचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्या चालला त्या दोन्ही एकदमच गळतात. हे नुकसान कोणत्याही एका भाषेचे नाही. आपल्याकडे दोन्ही भाषा जाणणारे विद्यार्थी आहेत, आणि हिशेबाचा तक्ता मांडणे हा तर आपला अभ्यासच आहे. एका सुट्टीत दोन मराठी व दोन कन्नड विद्यार्थ्यांनी मिळून २०० ओळींचा एक तक्ता तपासावा, एवढे हे काम आपल्या आवाक्यातले आहे.