चिकणा, मुद्रा व रानभेंडी यांची पारख

भाद्रपद सरत आला म्हणजे पुण्याच्या आसपास शेतांचे बांध, ओढ्यांचे कांठ आणि टेकड्यांच्या पायथ्याचे माळ पिवळ्या फुलांच्या झुडपांनीं भरून जातात. त्यांतील तीन-चार जातींस तरी आपले लोक 'चिकणा' हें एकच नांव देतात. महसुली दप्तरांत खडक, ओढा व खाणी हीं सर्व पोटखराबा या एका सदरांत जातात, तसाच हा प्रकार होय. सदरापुरतें तें ठीक. पण मुळ्या वैदूस किंवा व्यापाऱ्यास विकावयाच्या असोत, अथवा कपाशीच्या कडेचें तण काढण्यास मजुरी द्यावयाची असो, तेव्हां एका नांवानें भागत नाहीं.

हीं सर्व झाडें कापूस, अंबाडी व जास्वंद यांच्या कुळांतलीं. खूण अशी कीं फुलांतील सर्व पुंकेसर जुळून त्यांची एक नळी होते व तिच्या आंतून स्त्रीकेसर वर येतो. साल सोलली तर वाख निघतो, पान चुरगाळलें तर बुळबुळीत लागतें. येथवर ओळख सोपी आहे. पुढें मात्र केवळ पानावर भिस्त ठेवूं नये, कारण एकाच जातीचें पान सावलींत मोठें व कोरड्या माळावर लहान होतें. आमचा सल्ला असा कीं प्रथम फूल उलटें करून पाहावें व मग पिकलेलें फळ फोडावें.

फूल उलटें केल्यावर हिरव्या पेल्याच्या बुडाशीं आणखी तीन बारीक हिरवीं पातीं दिसलीं, तर तो चिकणा नव्हेच. अमेरिकेंतून आलेलें तें तण असून शास्त्रज्ञ त्यास मालव्हास्ट्रम म्हणतात. त्याच्या फळाच्या प्रत्येक फोडीस तीन टोंकें असतात. खऱ्या चिकण्याच्या वर्गांत, म्हणजे सिडा जातींत, हीं जादा पातीं कधींच नसतात. मुद्रेसही तीं नसतात. पण मुद्रेचें फळ पंधरा-वीस फोडींचें, चक्राकार, शिक्क्यासारखें असून एका फोडींत दोन-तीन बिया निघतात. चिकण्याच्या फोडींत बी एकच. मुद्रेचीं पानें मोठीं व करड्या लवेचीं असतात, आणि फुलें दुपार कलल्यावर उमलतात.

आतां सिडांमधील भेद. बला म्हणून जी औषधींत घेतली जाते तिचें पान हृदयाच्या आकाराचें, मखमलीसारखें मऊ, देंठ लांब. फळाच्या फोडी सुमारें दहा, आणि प्रत्येकीस दोन लांब कुसळें. कुसळांवरील केंस उलटे वळलेले असल्यामुळें तीं धोतरास चिकटतात. तुपकडीचें पान लांबट, अणकुचीदार, जवळजवळ लवरहित. फुलाचा देंठ आंखूड, कुसळेंही आंखूड. तिसऱ्या जातीचें पान शंकरपाळ्याच्या आकाराचें, खालून फिकट व फुलाचा देंठ लांब. तिलाच महाबला म्हणण्याची चाल आहे. पानाच्या देंठाखालीं बारीक कांट्यासारखा उंचवटा हातास लागला, तर ती चौथी जात, सिडा स्पायनोजा. भावप्रकाशांत बला, अतिबला, महाबला व नागबला अशा चार बला सांगितल्या आहेत. पण कोणतें नांव कोणत्या झाडाचें, यावर वैद्यांत सर्वत्र एकमत नाहीं. म्हणून व्यवहार ठरवितांना नांवावर न जातां नमुना पुढें ठेवावा. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे एके काळचे प्राचार्य थिओडोर कूक यांनीं 1901 ते 1908 या काळांत प्रसिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथांत या जाती निरनिराळ्या वर्णिल्या आहेत.

बाजारांत बलेच्या नांवाखालीं तुपकडी व महाबला यांच्या मुळ्या सर्रास मिसळल्या जातात. सुकलेली मुळी पाहून निवाडा करणें कठीण, म्हणून निवड उभ्या झाडावरच झाली पाहिजे. मुळी खणली कीं झाड गेलें. यास्तव बी गळून पडल्यावरच खणावें आणि बांधाची माती धरून ठेवण्यास कांहीं झाडें राखावीं.

कपाशीवाल्यांनीं मुद्रेकडे विशेष लक्ष द्यावें. ठिपक्यांच्या बोंडअळीस कपाशी नसतांना भेंडीप्रमाणेंच मुद्रेवरही आश्रय मिळतो, व पिठ्या ढेकूणही तेथें वाढतो. कपाशीलगतची मुद्रा पेरणीपूर्वीं उपटावी. सारा बांध खरडून काढण्याचा खर्च आम्हांस अनाठायीं वाटतो.

रानभेंडीची गोष्ट निराळी. काळ्या जमिनींतील पांढऱ्या फुलांच्या जातीचीं पेल्याखालचीं पातीं लवकर गळतात. घाटाकडील पिवळ्या फुलांच्या जातीचीं चार ते सहा रुंद पातीं फळाबरोबर टिकतात. कस्तुरभेंडीचीं पातीं अरुंद व अधिक, आणि तिचें बी चोळलें तर कस्तुरीचा वास येतो. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग मुंबई इलाख्यांत 1924 सालीं नोंदला गेला. पांढरी माशी तो पसरविते. परभणीच्या कृषि विद्यापीठानें घाटाकडील या रानभेंडीच्या वर्गाशीं संकर करून त्या रोगास दाद न देणारी 'परभणी क्रांती' ही जात काढली. तेव्हां घाटाकडील बंधूंच्या बांधावर पिवळ्या फुलांची रानभेंडी असेल, तर ती तोडण्यापूर्वीं एक डहाळी, फूल व पिकल्या फळासह, कागदांत दाबून कृषि महाविद्यालयांत दाखवावी.