औषधांचा रकाना रिकामा सोडू नका

जळोचीला परत आल्यापासून संध्याकाळी एखादी तरी नर्स पोरगी कागदांची फाइल घेऊन येतेच. कोणी बारामतीत आयसीयूला असते, कोणी इंदापूरकडे डायलिसिसवर. सगळ्यांना आखातात नाहीतर जर्मनीला जायचंय. प्रोमेट्रिकची परीक्षा अवघड असते का, डेटाफ्लोच्या कागदपडताळणीला किती वेळ लागतो, एजंट किती कापतो, सगळं विचारून होतं. लघवीच्या तपासणीचं मात्र कोणी विचारत नाही. साखर नि प्रोटीन बघत असतील, एवढाच त्यांचा समज. आखातातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात मी स्टाफ क्लिनिकला होते आणि नव्याने रुजू होणाऱ्यांचे नमुने घेणं हे माझंच काम होतं, म्हणून मी तो विषय आधी काढते.

त्यांचं न विचारणं साहजिक आहे. आपल्याकडे नोकरीला लागताना फिटनेस सर्टिफिकेट देतात, त्यात गांजा-अफूची चाचणी सहसा नसते. आयुष्यातली पहिली अशी चाचणी होते ती थेट परदेशात, राजीनामा देऊन आणि कर्ज काढून गेल्यावर.

ती होते कशी, तेही सांगते. पर्स, मोबाईल, स्वेटर बाहेर ठेवायचं. आतला नळ बंद केलेला, कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकलेला. म्हणजे बाटलीत पाणी मिसळायची सोय नाही. बाटलीला तापमानाची पट्टी असते. नमुना हातात आल्यापासून चार मिनिटांच्या आत तिच्यावर 32 ते 38 अंशांमधला आकडा दिसला पाहिजे. मग नमुन्याचे दोन भाग, दोन्हींना सील, सीलवर तिची सही आणि माझी सही. आपल्याच पेशातल्या बाईला असं वागवताना सुरुवातीला मलाच कानकोंडं व्हायचं. पण मोठमोठे सर्जनही त्याच खोलीतून गेलेले मी पाहिले, तेव्हा ते गेलं. तांब्याभर पाणी ढोसून येणाऱ्याही असतात. त्यांच्या लघवीतलं क्रिएटिनिन दर डेसिलिटरला 20 मिलिग्रॅमच्या खाली जातं, नमुना पातळ ठरतो आणि पुन्हा बोलावणं येतं. संशय वाढतो तो वेगळाच.

तिथे आपल्या भागातली एक मुलगी आली होती. हात इतका चांगला की लहान मुलाचीही शीर पहिल्या टोचणीत सापडायची. फॉर्ममध्ये औषधांच्या रकान्यात तिने 'काही नाही' लिहिलं. रिपोर्ट आला तो गांजासाठी पॉझिटिव्ह. डॉक्टरांसमोर ती म्हणाली, "पुण्याहून निघताना शेजारी कोणीतरी सिगारेट ओढत होतं." हे कारण त्या खोलीत जुनं झालेलं आहे. उघड्या हवेत दुसऱ्याचा धूर नाकात गेला म्हणून सहसा कोणी पॉझिटिव्ह येत नाही. चाचणीची मर्यादा मुद्दाम तेवढी वर ठेवलेली असते.

बाहेर आल्यावर ती मराठीत रडली. "ताई, मी गांजा कधी बघितलासुद्धा नाही." आणि ते खरं होतं. पुण्यात सलग नाइट असायच्या. सकाळी खोलीवर आलं की हॉस्टेलच्या गोंगाटात डोळा लागायचा नाही. रूममेटने टपरीवरची काळी गोळी दिली. पुडीवर 'आयुर्वेदिक' छापलेलं होतं. झोप लागली. मग रोज एक. ती भांगेची गोळी होती.

भांग, गांजा, चरस एकाच झाडाचे, आणि प्रयोगशाळेला तिन्हींचा अंश एकच दिसतो. तो चरबीत साठतो आणि हळूहळू लघवीत उतरतो. एखाद्याच वेळी घेतलं असेल तर साधारण तीन-चार दिवसांत मर्यादेखाली जातो; रोज घेणाऱ्याच्या शरीरात महिनाभर, कधी त्याहून जास्त राहतो. पहिल्या चाचणीची मर्यादा बहुतेक ठिकाणी मिलिलिटरला 50 नॅनोग्रॅम, आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीने होणाऱ्या दुसऱ्या पक्क्या चाचणीची 15. तिचा नमुना दोन्हींच्या वर गेला. नशा होऊन काम केलं का, हे ती चाचणी सांगतच नाही. मला हा तिचा मोठा दोष वाटतो. रात्री दारू पिऊन सकाळी ड्यूटीवर येणारा माणूस दुपारी तिच्यातून स्वच्छ सुटतो आणि आठवड्यापूर्वीपर्यंत झोपेसाठी रोज गोळी घेतलेली मुलगी अडकते. पण मॉर्फिनच्या कपाटाची किल्ली जिच्या कमरेला असते तिला हॉस्पिटल संशयाचा फायदा देणार नाही, हेही मला कळतं. तिचा करार रद्द झाला. पोलिसांकडे प्रकरण गेलं नाही, हे तिचं नशीब; त्या देशांत तेही होऊ शकतं.

"पण ताई, भांग तर चालते ना?" असं इथल्या पोरी विचारतात. 1985 च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचा फुलोरा. नुसतं पान त्या व्याख्येत येत नाही, म्हणून भांग त्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र 1949 चा दारूबंदी कायदा आहे, आणि तो भांगेला लागू होतो. विनापरवाना विकता-बाळगता येत नाही. शिवरात्रीच्या थंडाईचा पेला म्हणूनच दिसतो तितका निर्धास्त नाही. आणि गांजाच्या सेवनाला एनडीपीएसच्या 27 व्या कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

दुसरा प्रश्न जर्मनीवाल्यांचा. तिथे 1 एप्रिल 2024 पासून प्रौढांना ठरावीक मर्यादेत गांजा कायदेशीर आहे, कॅनडात ऑक्टोबर 2018 पासून. हे व्हॉट्सॲपवर सगळ्यांना पोचलंय. वॉर्डात नशेत यायची मुभा त्यातून मिळत नाही, एवढं पोचलेलं नाही. अमेरिकेत तर निम्म्याहून जास्त राज्यांत कोणत्या ना कोणत्या रूपात परवानगी असली तरी केंद्राचा कायदा अजून मनाईच करतो. व्हिसाच्या मेडिकलमध्ये अलीकडे गांजा घेतल्याचं निघालं तर प्रकरण वर्षभर लांबू शकतं.

आता घरातल्या गोष्टी, कारण पोरी फसतात त्या इथेच. अतिसारासाठी वैद्य देतात त्या जातीफलादी चूर्णात भांग असते. डब्यावर 'विजया' किंवा 'भंगा' लिहिलेलं असेल तर तेच समजा. ऑनलाइन मिळणारी विजया तेलंही त्यातच आली. कोडीनचं खोकल्याचं औषध अफूच्या चाचणीत दिसतं. ट्रामाडोल दुखण्याची साधी गोळी वाटते, पण अमिरातीत ती नियंत्रित औषधांत मोडते. चिठ्ठी आणि आगाऊ परवानगी नसेल तर नेऊच नका. अ‍ॅसिडिटीच्या पँटोप्राझोलने गांजाची पहिली पट्टी क्वचित खोटी पॉझिटिव्ह दाखवते. तसं झालं तर घाबरून सही करून मोकळं व्हायचं नाही, दुसरी पक्की चाचणी लेखी मागायची. नमुन्याचा दुसरा सीलबंद भाग त्यासाठीच असतो.

आणि दिवाळीचे अनारसे. खसखस अफूच्याच बोंडातली. सौदी आणि अमिरातीत ती आणायलाच बंदी आहे. विमानतळावर अधिकाऱ्याने डबा उघडला की आईच्या हाताची चव वगैरे काही समजावता येत नाही. आईला आधीच सांगा, खसखशीविना काय ते करून दे.

तेव्हा फॉर्म भरताना गेल्या महिन्या-दीड महिन्यात पोटात गेलेलं सगळं आठवा: गोळी, चूर्ण, काढा, सिरप. चिठ्ठी असेल तर प्रत जोडा. बाटली भरायच्या आधी सांगितलं तर ती माहिती असते, रिपोर्टनंतर सांगितलं तर सबब होते.

"किती दिवस आधी बंद केलं की निगेटिव्ह येईल?" हेही एखादी हळूच विचारते. तिला मी नेमका आकडा देत नाही. तपासणी पुढे ढकल म्हणते आणि झोपेचं काय चाललंय ते विचारते, कारण बहुतेक वेळा मूळ तिथेच निघतं. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, तिथे बायकांसाठी वेगळा विभाग आहे. उपचाराला स्वतःहून गेलेल्या व्यसनी माणसाला सेवनाच्या खटल्यातून सूट द्यायची तरतूद एनडीपीएसच्या 64-अ कलमात आहे, तेव्हा "नाव कळलं तर पोलीस येतील" या भीतीने घरी बसू नका.

सलग नाइट पाचांवर जात असतील तर इन्चार्ज सिस्टरकडे कमी करून मागा. तोंडी नाही, अर्ज द्या, तारीख घाला आणि पोच घेतलेली प्रत स्वतःच्या फाइलला लावा.