डोंगराचा अहवाल

पुण्यात नळ सोडला की पाणी येते. आपण घागर भरतो आणि कामाला लागतो. पण हे पाणी येते कुठून? खडकवासल्याच्या धरणातून, हे आपल्याला ठाऊक आहे. मग खडकवासल्याला पाणी कुठून येते? त्याच्या वर पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणे आहेत. या धरणांना पाणी देतो तो सह्याद्री. तिथे पाऊस कोसळतो. रान त्या पावसाचा मारा झेलते, माती पाणी मुरवते, ओढे-नद्या ते खाली आणतात. म्हणजे पुण्याच्या नळाचे मूळ डोंगरात आहे.

आपल्यापैकी कित्येकांची गावेही त्याच डोंगरात आहेत. कोणी मुळशीचे, कोणी भोरचे, कोणी आंबेगावचे. तेव्हा डोंगराची गोष्ट ती आपलीच गोष्ट.

सह्याद्री आणि त्याच्या दक्षिणेचे डोंगर मिळून पश्चिम घाट होतो. तो गुजरातपासून कन्याकुमारीच्या टोकापर्यंत सहा राज्यांतून जातो. या घाटात कुठे रान तुटले, कुठे खाणी निघाल्या, कुठे नद्या नासल्या. तेव्हा २०१० साली केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याने जाणत्या माणसांची एक समिती नेमली. अध्यक्ष होते माधव गाडगीळ. त्यांचा जन्म पुण्याचा, १९४२ सालचा. रानांचा आणि देवरायांचा त्यांनी अनेक वर्षे अभ्यास केला होता.

समितीने काय केले? साऱ्या घाटाचा नकाशा घेतला आणि त्यावर चौकोन आखले. प्रत्येक चौकोनात चढ किती, रान किती, कोणते प्राणी, कोणती झाडे, हे तपासले. मग घाटाचे तीन भाग सुचवले. काही भाग फार नाजूक, काही मध्यम, काही त्याहून कमी. जितका भाग नाजूक, तितकी खाणींवर आणि मोठ्या प्रकल्पांवर बंधने जास्त. पण हे शेवटचे शब्द नव्हेत, ग्रामसभांशी बोलून मगच काय ते ठरवावे, असेही समितीने सांगितले. ३१ ऑगस्ट २०११ रोजी अहवाल सरकारच्या हाती गेला.

आता लोकांना वाटणार, अहवाल छापला असेल, गावोगाव वाचला गेला असेल. तसे झाले नाही. अहवाल खात्यातच राहिला. महिने गेले. ज्यांच्या जमिनीबद्दल तो लिहिला, त्यांना त्यात काय आहे ते कळेना.

तेव्हा केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला आणि अहवाल मागितला. खाते म्हणाले, अजून विचार चालू आहे, आत्ता देता येत नाही. प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे गेले. आयोगाने २०१२ च्या एप्रिलमध्ये सांगितले, अहवाल लोकांना द्या. खाते दिल्लीच्या हायकोर्टात गेले. कोर्टानेही खात्याचे ऐकले नाही. अखेर मे २०१२ मध्ये अहवाल खुला झाला. एका साध्या अर्जाने हे काम केले!

पण अडचण संपली नाही. अहवाल इंग्रजीत. पाने शेकडो. गावात तो कोण वाचणार? आणि कागद वाचला गेला नाही की त्याची जागा अफवा घेते. कोणी सांगे, आता घर बांधता येणार नाही. कोणी सांगे, गुरे चारता येणार नाहीत. कोणी सांगे, गावच उठवणार. माणसे घाबरली आणि चिडली. त्यांची भीती खोटी होती असे आम्ही म्हणणार नाही. डोंगरातल्या माणसाने वरून आलेले हुकूम पुष्कळ सोसले आहेत. धरणासाठी ज्यांची गावे उठली, त्यांनी कागदावर विश्वास तरी कसा ठेवावा? पण विरोध करायचा तरी वाचून करावा, आणि होकार द्यायचा तोही वाचूनच द्यावा.

दुसरी बाजूही पाहा. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या २५ ग्रामसभांनी आपण होऊन समितीला कळवले होते की आमचा भाग नाजूक म्हणून राखा. त्यांच्या दारात खाणी येऊन ठेपल्या होत्या. त्यांना डोंगराचे मोल शास्त्रज्ञांनी शिकवावे लागले नाही. आमच्या देवराया कोणी राखल्या? गावकऱ्यांनीच. देवराईतला झरा उन्हाळ्यातही वाहतो, हे ज्ञान गावाचेच. तेव्हा ज्ञान वरून खाली उतरते तसे खालून वरही चढले पाहिजे.

पुढे ऑगस्ट २०१२ मध्ये सरकारने कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली दुसरा गट नेमला. त्याने २०१३ साली अहवाल दिला आणि घाटाचा सुमारे ३७ टक्के भाग नाजूक ठरवावा असे सुचवले. मग सरकारने मसुदे काढायला सुरुवात केली. मसुदा म्हणजे कच्चा हुकूम. पहिला निघाला २०१४ साली, सहावा ३१ जुलै २०२४ रोजी. मसुदा निघाला की हरकत घ्यायला लोकांना ६० दिवस मिळतात. दिवस साठ, पण वाचलेच नाही तर त्या साठ दिवसांचा उपयोग काय?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून अधिक माणसे गेली. अहवाल वाचला असता तर हे टळले असते, असे आम्ही म्हणत नाही. पण डोंगर खचण्याआधी पुष्कळदा खुणा दिसतात. जमिनीला नव्या भेगा पडतात. झाडे आणि खांब कलतात. झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होते. अशी खूण दिसली आणि पाऊस जोराचा असला, तर चढाखालची घरे लगेच सोडावी आणि तहसीलदाराला कळवावे. हे तुमच्या गावी कोणाला ठाऊक आहे का? नसेल तर आजच सांगा. अभ्यास कपाटात राहिला तर धूळ खातो. घरात पोचला तर जीव वाचवतो.

तर मग आपण काय करावे?

पहिले, गावाचा कागद मागावा. माहितीचा अधिकार २००५ सालचा कायदा देतो. केंद्र सरकारकडच्या अर्जाला १० रुपये फी. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही. अर्ज मराठीत चालतो. उत्तर साधारणपणे ३० दिवसांत यावे लागते. आणि ज्याला लिहिता येत नाही, त्याचे तोंडी म्हणणे लिहून काढायला माहिती अधिकाऱ्याने मदत केली पाहिजे, असे कायदाच सांगतो.

दुसरे, कागद मराठीत मागावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. एकाने वाचले की शंभर जण ऐकतात.

तिसरे, आपल्याला ठाऊक असलेले लिहून द्यावे. कोणता झरा कधी आटला, कोणता उतार खचला, कोणत्या साली कुठवर पूर आला. हाही अभ्यासच आहे.

तुम्ही आता अक्षर ओळखू लागला आहात. नुसती सही करण्यापुरते अक्षर नको. कशावर सही करतो, तेही वाचता आले पाहिजे.

प्रश्न
१. पुण्याच्या नळाचे पाणी कुठून येते?
२. गाडगीळ समितीचा अहवाल लोकांना केव्हा आणि कसा मिळाला?
३. डोंगर खचण्याआधीच्या तीन खुणा सांगा.
४. तुमच्या गावाबद्दलचा कोणता कागद तुम्हाला वाचायचा आहे? त्यासाठी चार ओळींचा अर्ज लिहा.